छातीतलं लोहचुंबक

बसथांब्याच्या मागच्या गल्लीत, बेकरी आणि चपलांचं दुकान यांच्यामध्ये, दोन हात पसरले की संपेल एवढं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ते चालवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली घड्याळताई म्हणायची. दुकान मूळचं वडिलांचं. त्यांना दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगे एका जागी पाच मिनिटं टिकायचे नाहीत आणि मुलगी मात्र श्वास रोखून तासभर एका स्क्रूकडे बघत बसायची. म्हणून चिमटा आणि भिंग तिच्या वाट्याला आलं. आता चोपन्नाव्या वर्षीही ताईंचा हात तसाच होता. केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यात धरून त्या जागेवर बसवत, आणि ती बसेपर्यंत समोरचं गिऱ्हाईक काय बोलतंय ते त्यांच्या कानावरच पडत नसे.

घरी त्या आणि त्यांची नणंद, अशा दोघीच. नवरा आठ वर्षांपूर्वी गेला, तेव्हा नातेवाइकांनी गृहीतच धरलं होतं की आता या दोघी वेगळ्या होणार. झाल्या नाहीत. ताई नणंदेला वन्सं म्हणत आणि अहो-जाहो करत. वन्सं त्यांना वहिनी म्हणत आणि अगं-तुगं करत. वन्सं पोस्टात काउंटरवर होत्या. तीस वर्षं शिक्के मारून त्यांचा असा पक्का समज झाला होता की जगात कागद आणि पोचपावती तेवढी खरी, बाकी सगळ्या गप्पा.

सहा वर्षांपूर्वी ताईंना डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. स्तन काढावा लागला. त्याच ऑपरेशनमध्ये प्लास्टिक सर्जननी छातीच्या स्नायूखाली एक रिकामी पिशवी ठेवली, फुगा असतो तशी. दर पंधरवड्याला त्या पिशवीत सुईने थोडं थोडं मिठाचं पाणी भरायचं, कातडी हळूहळू ताणून घ्यायची, आणि पुरेशी जागा झाली की पिशवी काढून तिथे कायमचं सिलिकॉनचं इम्प्लांट बसवायचं, असा बेत होता. ताईंनी तो मुकाट्याने मान्य केला. वन्संनी तो कागदावर लिहून घेतला.

ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी ताई पुन्हा दुकानात बसायला लागल्या, आणि तिथे एक भानगड उपटली. पहिलं घड्याळ दुरुस्त झालं ते गल्लीच्या टोकाच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेचं. चावीचं, जुनं, तिच्या आईचं. ताईंनी ते साफ केलं, तेल घातलं, वेळ लावून दिलं. आठवड्याने मुख्याध्यापिका परत आली.

"ताई, तुम्ही घड्याळ काय केलंत हो? रोज दहा-दहा मिनिटं पुढे पळतंय. सोमवारपासून मी शाळा लवकर सोडतेय. पोरं खूश आहेत, पालक माझ्या नावाने खडे फोडताहेत."

ताईंचा चेहरा उतरला. घड्याळ पुढे पळतं ते बहुतेक वेळा लोहचुंबकामुळे. स्प्रिंगमध्ये चुंबकत्व शिरलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ सुसाट सुटतं. हे तपासायला प्रत्येक घड्याळजीकडे एक छोटं होकायंत्र असतं. घड्याळावर धरलं आणि सुई हलली, की समजायचं. सुई हलली. ताईंनी चुंबकत्व घालवायच्या यंत्रावर धरून ते काढून टाकलं आणि माफी मागितली. पण पुढच्या आठवड्यात दुसरं घड्याळ परत आलं, मग तिसरं. ताईंनी बेकरीवाल्याला त्याचा स्पीकर भिंतीपासून हलवायला लावला. टेबलाचा खण रिकामा केला. काही केल्या उलगडा होईना. शेवटी एका दुपारी होकायंत्र टेबलावर ठेवून त्या विचार करत पुढे झुकल्या, तर सुई फिरून त्यांच्याकडे वळली. त्या डावीकडे सरकल्या. सुई डावीकडे. उजवीकडे सरकल्या. सुई उजवीकडे.

त्यांनी तिथूनच सर्जनना फोन केला.

"अहो, बरोबर आहे," सर्जन म्हणाले. "पिशवीत पाणी भरायचं तोंड कातडीखालून कुठे आहे, ते आम्हाला वरून कळावं लागतं. म्हणून त्या तोंडाशी लोहचुंबक असतं. तुम्हाला सांगितलं होतं की, ही पिशवी आत असेपर्यंत एमआरआय करायचा नाही म्हणून."

"एमआरआयचं सांगितलं होतं," ताई म्हणाल्या. "घड्याळांचं नव्हतं सांगितलं."

पुढचे चार महिने ताईंनी भिंतीवरच्या मोठ्या घड्याळांखेरीज कशाला हात लावला नाही, आणि तीही हात लांब करून, नवरीसारखं तोंड फिरवून. वन्सं आल्यागेल्याला सांगत की आमच्या वहिनीकडे हल्ली सगळं जग ओढलं जातंय. मग पिशवी निघाली, सिलिकॉन बसलं, आणि ताई पुन्हा टेबलाशी झुकून बसायला लागल्या. हे दुसरं ऑपरेशन पुलापलीकडच्या एका छोट्या रुग्णालयात झालं, कारण सर्जन तोवर पहिलं ऑपरेशन झालेलं मोठं रुग्णालय सोडून तिकडे गेले होते. वर्षभरात ते छोटं रुग्णालय बंदही पडलं. तेव्हा त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

अशी साडेपाच वर्षं सुखाने गेली. तपासण्या व्हायच्या, सगळं ठीक निघायचं, वन्सं रिपोर्ट फायलीत लावायच्या.

मग एके सकाळी आंघोळ करताना ताईंच्या बोटाला काहीतरी लागलं. डाव्या काखेच्या बाजूला, जुन्या व्रणाखाली, वाटाण्याएवढं. ज्या बोटांना स्क्रूचा अर्धा आटा चुकलेला कळतो, त्यांना हे चुकलं असेल असं ताईंना एक क्षणही वाटलं नाही. त्या नळाखाली तशाच उभ्या राहिल्या. मग कपडे घालून बाहेर आल्या आणि वन्संना म्हणाल्या, "वन्सं, जरा इकडे हात लावून बघता का?"

वन्संनी हात लावला. गॅस बंद केला, फाइल काढली, आणि पोस्टात रजेचा फोन केला.

कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंनी दोन बोटांनी ती जागा चाचपली, सोनोग्राफी करून घेतली, आणि म्हणाल्या, "यात स्पष्ट कळत नाहीये. इम्प्लांटमुळे मागचं नीट दिसत नाही. एमआरआय करू या. गाठ कसली आहे तेही कळेल आणि इम्प्लांट शाबूत आहे का तेही. अंदाज बांधत बसू नका."

अंदाज बांधत बसू नका असं सांगितल्यावर माणूस दुसरं काय करतो?

सोमवारी सकाळी दोघी मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात एमआरआय विभागात गेल्या. खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, एका बाजूला कपड्यांची कपाटं, आणि जड दारावर लोहचुंबकाची ताकीद देणारी लाल पाटी. तंत्रज्ञ पन्नाशीचा, मिशा पिकलेला, सावकाश बोलणारा माणूस होता. त्याने समोर फॉर्म ठेवला आणि एकेक प्रश्न विचारू लागला. पेसमेकर? नाही. डोक्यात क्लिप? नाही. धातूवर काम करता का?

"घड्याळं दुरुस्त करते," ताई म्हणाल्या.

त्याने पेन खाली ठेवलं. "मग डोळ्यात कधी स्टीलचा कण गेलाय?"

"एकदा स्प्रिंग उडाली होती. पण डोळ्यावर भिंग होतं. भिंगाला चरा पडला, डोळा वाचला."

त्याने ते लिहून घेतलं आणि कॉम्प्युटरकडे वळला. बराच वेळ तो पडद्याकडे बघत राहिला.

"ताई, तुमच्या छातीत डाव्या बाजूला पाण्याची पिशवी आहे असं इथे दिसतंय. चुंबकवाली."

"ती काढली. साडेपाच वर्षं झाली. आता सिलिकॉन आहे."

"असेल. पण आमच्याकडे ती बसवल्याची नोंद आहे, काढल्याची नाही. काढल्याचा कागद, किंवा इम्प्लांटबरोबर एक छोटं कार्ड देतात ते, आहे का?"

वन्संनी फाइल उघडली. रिपोर्ट होते, पावत्या होत्या, अगदी पहिल्या भेटीचा टोकन नंबरही जपून ठेवलेला होता. कार्ड नव्हतं. त्यांनी फाइल पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. मग हातातली कापडी पिशवी उलटी केली.

"कागद नाही तर मला आत नेता येणार नाही," तंत्रज्ञ म्हणाला.

वन्संच्या आवाजाला धार चढली. "अहो, बाई स्वतः सांगतेय ना? तिची छाती आहे, तुमची नाही. आमचा जीव इथे टांगणीला लागलाय, आणि तुम्ही कागद मागताय?"

जन्मभर लोकांना कागद नाही म्हणून परत पाठवणाऱ्या वन्संच्या तोंडी ते वाक्य ऐकून, एरवी असतं तर ताई हसल्या असत्या. आता त्यांनी नुसता वन्संचा हात दाबला.

"वन्सं, ते बरोबर बोलताहेत," त्या म्हणाल्या. "ते चुंबक एवढंसं होतं, तर त्याने माझ्या दुकानातली निम्मी घड्याळं बिघडवली. या खोलीतलं केवढं आहे. ती पिशवी खरंच आत असती, तर ते चुंबक आतल्या आत ओढलं गेलं असतं. मी यांच्या जागी असते तर मीही नेलं नसतं."

तंत्रज्ञाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. बहुधा त्या खुर्चीत बसून असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. "तुमच्या डॉक्टरांना सांगतो," तो म्हणाला. "छातीचा एक्स-रे काढून घ्या, डोळ्यांचाही. धातू असेल तर त्यात दिसतोच. आमच्या रेडिओलॉजिस्टनी तो पाहून हो म्हटलं की झालं. गुरुवारी सकाळची पहिली वेळ तुमच्यासाठी ठेवतो."

घरी येईपर्यंत वन्सं बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. दुपारची जेवणं झाली, भांडी झाली, तरी त्यांचं कपाट उचकणं चालूच होतं. खणातले कपडे पलंगावर, पलंगावरचे खुर्चीवर. ताई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वन्सं, राहू द्या आता."

"राहू कसं देऊ? माझ्याच हातात दिलं होतं त्यांनी ते कार्ड. पोस्टकार्डाएवढं होतं, निळ्या अक्षरांचं. मी म्हटलं फायलीत नको, पडेल, जपून ठेवू. आणि इतकं जपून ठेवलं की..." वन्सं पलंगाच्या कडेला बसल्या. "त्या माणसावर उगाच ओरडले. चूक माझी. तीस वर्षांत माझ्या हातून एक रजिस्टर पत्र गहाळ झालेलं नाही, आणि तुझं तेवढं गहाळ झालं."

वन्संना रडताना ताईंनी एकदाच पाहिलं होतं, भाऊ गेला तेव्हा. आताही त्या रडल्या नाहीत, पण नाक वारंवार पुसायला लागल्या. ताई त्यांच्या शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "चला, दुकानात येता?"

"आत्ता? कशाला?"

"चला तर."

दुकान घरापासून चार दारं सोडून. संध्याकाळचं ऊन अजून गल्लीत होतं. ताईंनी शटर अर्धं वर केलं, दोघी वाकून आत शिरल्या. ताईंनी खणातून होकायंत्र काढलं आणि वन्संच्या तळहातावर ठेवलं. मग शर्टाची वरची दोन बटणं सोडून त्या वन्संच्या अगदी जवळ उभ्या राहिल्या.

"धरा इथे. हळूहळू फिरवा."

वन्संनी श्वास रोखून होकायंत्र ताईंच्या डाव्या छातीवरून नेलं, व्रणावरून, काखेपर्यंत, परत खाली. सुई आपली उत्तर दाखवत राहिली. ताईंनी कात्रीचं टोक जवळ नेलं तेव्हा तेवढी ती दचकून फिरली, आणि वन्संही दचकल्या.

"नाहीये," वन्सं म्हणाल्या.

"नाहीच आहे. मला ठाऊक होतं. पण तुम्हालाही दिसलेलं बरं." ताईंनी बटणं लावली. "त्यांना हे चालणार नाही, त्यांना एक्स-रेच दाखवू. पण तुम्ही आता कपाट आवरा आणि रात्री शांत झोपा."

त्या रात्री वन्संना झोप लागली. ताईंना मात्र लागली नाही. चुंबकाचा प्रश्न मिटला होता. वाटाण्याएवढी गाठ होती तिथेच होती.

मंगळवारी एक्स-रे निघाले. डॉक्टरीणबाईंनी जुन्या सर्जनना शोधून काढलं आणि त्यांनी ऑपरेशनच्या नोंदीची प्रत ईमेलने पाठवून दिली. गुरुवारी सकाळी तंत्रज्ञाने रेडिओलॉजिस्टची सही असलेला कागद वन्संसमोर धरला. वन्संनी तो पूर्ण वाचला, तारीख तपासली, आणि म्हणाल्या, "सोमवारी जरा जास्त बोलले मी."

"इथे सगळे जास्तच बोलतात," तो म्हणाला. "खोलीच तशी आहे."

ताईंनी मनगटावरचं घड्याळ काढून वन्संच्या हवाली केलं. गाऊन घातला, मग तंत्रज्ञाने त्यांच्या हाताच्या शिरेत सुई बसवली. मशीनचा पलंग नेहमीसारखा सपाट नव्हता. त्यावर पालथं झोपायचं होतं, आणि छातीच्या जागी दोन खळगे होते. उजवा स्तन एका खळग्यात, डावीकडचा इम्प्लांटवाला दुसऱ्यात. हात डोक्याच्या वर, कपाळ उशीच्या चौकटीवर. कानात बोळे, त्यावर हेडफोन, मुठीत रबरी फुगा, घाबरायला झालं तर दाबायला.

"अर्धा-पाऊण तास लागेल," तंत्रज्ञ म्हणाला. "हलायचं नाही. हललात तर परत पहिल्यापासून."

"न हलणं हाच माझा धंदा आहे," ताई उशीत तोंड खुपसून म्हणाल्या.

पलंग आत सरकला. आधी टकटक झाली, मग कुणीतरी पत्र्याच्या पिंपावर हातोडे मारतंय असा आवाज. ताईंनी सवयीने त्यात ठोका शोधायला सुरुवात केली. सेकंदाला पाच, म्हणजे जुन्या चावीच्या घड्याळाचा. मग तो थांबून दुसराच सुरू झाला, कुठल्याच घड्याळाचा नसलेला. मोजण्यात काही वेळ बरा गेला. मग खांदे भरून आले, नाकाच्या शेंड्याला खाज सुटली, आणि मोजणं हातातून निसटलं. आता काय? पुन्हा ऑपरेशन? पुन्हा ते केमोचं औषध, केस जाणं, तोंडाची चव जाणं? आणि वन्सं एकट्या त्या घरात फायली लावत बसलेल्या? डोळ्यांतून पाणी आलं आणि सरळ खाली उशीच्या चौकटीतून गळलं. पुसायची सोय नव्हती. ताईंनी ते गळू दिलं, पण खांदा हलू दिला नाही.

हेडफोनमध्ये आवाज आला, "छान चाललंय ताई. आता शिरेतून औषध सोडतोय, हाताला गार लागेल. शेवटची दहा मिनिटं."

हाताला गार लागलं. हातोडे पुन्हा सुरू झाले. आणि मग एकदम सगळं शांत.

पलंग बाहेर सरकल्यावर त्यांना धड उठता येईना. तंत्रज्ञाने आधार देऊन बाहेरच्या खोलीत आणलं, तिथे वन्संनी धरून बसवलं. ताईंच्या कपाळावर चौकटीचा लाल वळ उमटला होता.

"इतके स्पष्ट फोटो कमी लोकांचे येतात," तंत्रज्ञ म्हणाला.

"काय दिसलं त्यात?" वन्संनी लगेच विचारलं.

"ते डॉक्टर सांगतील, बाई. मी फोटो काढणारा."

वन्संनी त्याच्या चेहऱ्यावरून काही वाचता येतंय का ते पाहिलं. काही वाचता आलं नाही. पाकिटात काय आहे ते न सांगणारा चेहरा त्या ओळखत होत्या, रोज सकाळी तोच घालून त्या काउंटरवर बसत.

शुक्रवारी अकराची वेळ होती. डॉक्टरीणबाईंनी दोघी पुरत्या बसायच्या आतच सांगून टाकलं, "कॅन्सर नाहीये."

डॉक्टरीणबाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. काळ्या-करड्या चित्रात एक गुळगुळीत अंडाकृती आकार होता, आणि त्याच्या कडेला एक छोटा ठिपका.

"हे मोठं आहे ते तुमचं इम्प्लांट. कुठे फाटलेलं नाही, गळत नाही. आणि हा ठिपका म्हणजे तुमची गाठ. ही चरबी आहे. ऑपरेशनमध्ये चरबीच्या एखाद्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो, तो मरतो आणि त्याची अशी गोळी होते. कधी कधी वर्षांनी हाताला लागते. शिरेतून सोडलेलं औषध या गाठीने घेतलेलं नाही आणि आत नुसतं तेल दिसतंय. उजवी बाजूही स्वच्छ आहे."

"काढावी लागेल?" ताईंनी विचारलं. आवाज त्यांचाच होता, पण लांबून आल्यासारखा वाटला.

"त्रास देत नसेल तर नाही. सहा महिन्यांनी एकदा पुन्हा बघू, म्हणजे तुम्हीही निश्चिंत आणि मीही."

वन्सं पुढे झुकल्या. "हे सगळं लिहून द्याल?"

"रिपोर्ट आहेच की."

"रिपोर्ट इंग्रजीत आहे. तुम्ही आत्ता जे बोललात ना, पहिलं वाक्य, ते द्या. तुमच्या अक्षरात."

डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीचा कागद ओढला आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, कॅन्सर नाही. खाली सही, तारीख. वन्संनी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कागद पर्समध्ये घातला. परत काढला, वाचला, परत ठेवला.

ताईंचा जीव भांड्यात पडला तो तिथे नाही. तो पडला खाली, रुग्णालयाच्या पायऱ्यांवर. तिसऱ्या पायरीवर त्या मटकन बसल्या. येणारे-जाणारे बाजूने जात होते. वन्सं आधी म्हणाल्या, "अगं, कपडे मळतील." मग त्याही शेजारी बसल्या.

"मी मनात सगळं ठरवून टाकलं होतं," ताई म्हणाल्या. "दुकान कोणाला द्यायचं, तुम्ही कोणाकडे राहायचं."

"कोणाकडे?"

"माझ्या धाकट्या भावाकडे."

"त्या बडबड्याकडे? त्यापेक्षा मी पोस्टात राहिले असते, पार्सलांच्या खोलीत." वन्संनी नाक पुसलं. "मला न विचारता ठरवतेस बरी."

ताई हसायला लागल्या. हसता हसता डाव्या कुशीत ओढ बसली, तरी थांबेनात. वन्सं आधी रागावून बघत होत्या, मग त्यांचंही ओठांचं कुलूप सुटलं. पायऱ्या चढणारा एक म्हातारा या दोन बायका कशाला हसताहेत म्हणून थांबून बघायला लागला. वन्संनी त्याला सरकून जागा करून दिली आणि म्हणाल्या, "बसा थोडं, आजोबा. वर चढायचंच आहे."

म्हातारा खरोखरच बसला. त्याच्या मांडीवर फुगलेली, दोरीने बांधलेली फाइल होती. वन्संनी ती दोन क्षण पाहिली, आणि राहवलं नाही म्हणून त्याच्या हातातून घेऊन तारीखवार लावायला सुरुवात केली. ताई गुडघ्यांवर हात ठेवून ऊन खात बसून राहिल्या. दुकान उघडायची वेळ केव्हाच टळून गेली होती. त्यांना कसलीच घाई नव्हती.